ऑनलाइन चित्राची ऑर्डर घेताना : दर, विसार आणि हक्क कुणाचा?

मुरुडमध्ये राहणाऱ्या चित्रकाराला ग्राहक शोधायला आता मुंबईची गॅलरी गाठावी लागत नाही. जंजिऱ्याचं जलरंगातलं चित्र इन्स्टाग्रामवर टाकलं की पुण्याहून किंवा बंगळुरूहून मेसेज येऊ शकतो : ‘असंच एक हवंय. पण राजपुरीच्या जेट्टीवर आम्ही दोघं उभे आहोत असं. किती घ्याल?’ व्यवहार इथेच सुरू होतो, आणि बरेचदा बिघडायची सुरुवातही इथेच होते. कारण चित्रकार आकडा सांगतो, ग्राहक ‘चालेल’ म्हणतो, पण त्या आकड्यात नेमकं काय विकलं जातंय हे दोघांपैकी कुणीच बोललेलं नसतं.

तयार चित्र आणि सांगून काढून घेतलेलं चित्र

तयार चित्र विकताना ग्राहक समोर दिसतं ते घेतो. ऑर्डर देताना मात्र तो अजून अस्तित्वात नसलेल्या वस्तूचे पैसे मोजत असतो. पेण परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यांना हा व्यवहार पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. ग्राहक आधी येऊन मूर्ती ठरवतो, उंची आणि रंग सांगतो, थोडी रक्कम हातावर ठेवतो आणि चतुर्थीच्या तोंडावर मूर्ती घेऊन जातो. तिथे वाद कमी होतात, कारण नमुना समोर असतो आणि तारीख पंचांगाने ठरवलेली असते. ऑनलाइन ऑर्डरीत या दोन्ही गोष्टी नसतात. त्या मुद्दाम ठरवून घ्याव्या लागतात.

मोठ्या कामांनाही हे चुकलेलं नाही. मुरुडच्या उत्तरेला, अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१-१९६७) यांनी घडवलेला पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा हे मराठी मुलखातलं सांगून करून घेतलेल्या कामाचं बहुधा सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. स्मारकाची पायाभरणी १९२१ साली झाली आणि पुतळ्याचं अनावरण १९२८ साली. करमरकरांची इतर शिल्पं सासवण्यातल्या त्यांच्या घरी, शिल्पालयात आजही पाहता येतात.

दर कसा काढायचा?

‘मनाला येईल तो’ हा दर चित्रकारालाच बुडवतो. समजा, १२ बाय १६ इंचाच्या जलरंग चित्राला १४ तास लागतात आणि चित्रकाराने तासाला २०० रुपये धरले आहेत. मेहनतीचे २,८०० झाले. कागद-रंगाचे ६००, पुठ्ठा, प्लास्टिक आणि स्पीड पोस्ट मिळून ३५०. एकूण ३,७५० रुपये. आकडे नमुन्याचे आहेत, पण रीत खरी आहे. ती ग्राहकाला दाखवली की घासाघीस पूर्ण थांबत नसली तरी तिचं रूप बदलतं. ग्राहक मग ‘कमी करा’ म्हणण्याऐवजी ‘आकार लहान केला तर?’ असं विचारू लागतो.

फेरबदलांचा हिशेब इथेच करावा. कच्च्या रेखाटनावर दोन दुरुस्त्या दरात धरलेल्या, त्यापुढच्या प्रत्येकीला वेगळे पैसे, आणि रंग चढल्यावर रचनेत बदल नाही. जलरंगात तो करताही येत नाही, हे ग्राहकाला ठाऊक असेलच असं नाही.

मुदत सांगताना मुरुडकराने आपल्या हवेचा विचार करावा. पावसाळ्यात जंजिऱ्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, त्यामुळे किल्ल्यात बसून रेखाटन करता येत नाही. खाऱ्या, दमट हवेत कागद सादळतो, वॉश वाळायला वेळ लागतो आणि बुरशीची भीती असते. जुलैतली तीन आठवड्यांची कबुली आणि डिसेंबरातली तीन आठवड्यांची कबुली सारखी नसते.

आगाऊ रक्कम की विसार?

बोलताना दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्यात मात्र फरक पडतो. आगाऊ रक्कम म्हणजे किमतीचा आधी दिलेला भाग. विसार म्हणजे ‘मी मागे फिरणार नाही’ याची हमी. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या मालमत्तेच्या खटल्यात सांगितलं की, रक्कम विसार म्हणून दिली असेल आणि तशी अट स्पष्ट असेल, तर ग्राहक मागे फिरल्यास ती जप्त करता येते. नुसत्या आगाऊ रकमेला हे लागू होत नाही. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम ७४ नुसारही करारात लिहिलेली भरपाई आपोआप पूर्ण मिळत नाही, वाजवी तेवढीच मिळते.

म्हणून ‘निम्मे आधी’ एवढं लिहून भागत नाही. टप्प्यांची रीत जास्त न्याय्य ठरते : रेखाटनापूर्वी ३० टक्के विसार, रेखाटन पसंत पडल्यावर ४० टक्के, उरलेले ३० टक्के पूर्ण चित्राचा फोटो पाहून, पाठवण्यापूर्वी. रेखाटनानंतर ग्राहक थांबला तर पहिला हप्ता चित्रकाराचा. चित्रकारालाच काम जमलं नाही तर सगळे पैसे परत. ही दुसरी अट लिहायला बरेच जण विसरतात, आणि नव्या ग्राहकाचा विश्वास तिच्यावरच बसतो.

पैसे घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवलेत, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं म्हणणारा ग्राहक नसतो. ‘चुकून जास्त गेले, फरक परत करा’ हाही जुना सापळा आहे. बँकेच्या खात्यात रक्कम दिसेपर्यंत मेसेजच्या स्क्रीनशॉटला किंमत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा.

चित्र विकलं, पण हक्क?

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. ‘चित्र मी काढलं, म्हणजे कॉपीराइट माझा’ असं बहुतेक चित्रकार धरून चालतात. तयार चित्र विकताना ते बरोबर आहे. ग्राहकाला कागद मिळतो, छापण्याचा हक्क मिळत नाही. पण ऑर्डरीच्या बाबतीत कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७(ब) उलट सांगतं. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेलं छायाचित्र, रंगचित्र किंवा पोर्ट्रेट असेल, तर वेगळं काही ठरलं नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक सांगणारा असतो.

म्हणजे राजपुरीच्या जेट्टीवरच्या त्या जोडप्याचं चित्र काढून झाल्यावर, काहीच ठरलेलं नसेल तर, ते मगवर किंवा लग्नपत्रिकेवर छापायचा हक्क जोडप्याचा. उलट चित्रकाराने त्याच चित्राच्या प्रती पर्यटकांना विकल्या तर चूक त्याची. आपल्या पानावर नमुना म्हणून टाकण्यासाठीही त्याने परवानगी घेतलेली बरी. गंमत म्हणजे या यादीत शिल्पाचं नाव नाही. त्यामुळे करमरकरांच्या व्यवसायातल्या आजच्या शिल्पकाराची स्थिती चित्रकारापेक्षा वेगळी आहे.

कलमातले ‘वेगळं काही ठरलं नसल्यास’ हेच शब्द चित्रकाराच्या कामाचे. आधीच लिहून घेतलं की कॉपीराइट चित्रकाराकडे राहतो आणि ग्राहकाला ठरावीक वापराची परवानगी मिळते. समजा, मुरुडमधल्या एखाद्या होमस्टेने स्वागतकक्षासाठी पद्मदुर्गाचं चित्र सांगितलं. भिंतीवर लावणं हा एक वापर. तेच चित्र जाहिरातीत किंवा बुकिंगच्या पानावर वापरणं हा दुसरा, आणि त्याचे पैसे वेगळे. होमस्टेला सगळे हक्कच हवे असतील तर तेही देता येतात, पण कलम १९ प्रमाणे हक्क सोपवणं लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता.

एक हक्क मात्र हे सगळं दिल्यावरही कलाकाराकडे राहतो. कलम ५७ नुसार तो आपलं कर्तेपण सांगू शकतो आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखू शकतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकण्यात आलं, त्यात त्याचं नुकसान झालं. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष सहगल यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. ते शिल्प सरकारने पैसे देऊन करून घेतलेलं होतं.

प्रामाणिकपणा एकतर्फी नसतो. ग्राहकाने पाठवलेला ‘संदर्भ फोटो’ दुसऱ्याच छायाचित्रकाराचा असू शकतो, त्याची जशीच्या तशी नक्कल विकता येत नाही. फोटोवरून ट्रेस करणार असाल किंवा एआयची मदत घेणार असाल तर ते आधी सांगावं. हाताने काढलेल्या कामाचा दर लावून ते लपवणं ही फसवणूकच आहे. सिनेमातली किंवा कॉमिकमधली पात्रं काढून विकणंही दुसऱ्याच्या हक्कात शिरणं आहे, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी.

लिहायचं कसं?

वकिली भाषा लागत नाही. असा एक मेसेज पुरतो :

‘जंजिरा, जेट्टीवर दोन व्यक्ती, जलरंग, १२ बाय १६ इंच. किंमत ३,७५० रुपये, स्पीड पोस्टसह. रेखाटनापूर्वी १,१२५ रुपये विसार. रेखाटन पाहून तुम्ही थांबलात तर हा परत मिळणार नाही, मी थांबलो तर मिळालेली सगळी रक्कम परत. रेखाटन पसंत पडल्यावर १,५००, पाठवण्यापूर्वी १,१२५. रेखाटनात दोन दुरुस्त्या. चित्र १० जानेवारीपर्यंत पोस्टात टाकेन. कॉपीराइट माझ्याकडे राहील, घरात लावणं आणि स्वतःच्या सोशल मीडियावर टाकणं यास परवानगी. मान्य असेल तर कृपया ‘मान्य’ असं उत्तर द्या.’

ग्राहकाचं ‘मान्य’ आलं की तो संवाद पुसू नये, फोन बदलताना बॅकअप घ्यावा. असे मेसेज पुरावा म्हणून न्यायालयात चालतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. पैसे देऊनही चित्र न मिळालेला ग्राहक जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. रायगडचा आयोग अलिबागला आहे आणि तक्रारीची मुदत २ वर्षांची. पैसे न मिळालेल्या चित्रकाराला ग्राहक आयोगाचा उपयोग नाही. त्याला नोटीस पाठवून दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा करावा लागतो, आणि त्याला ३ वर्षांची मुदत असते. चार हजारांच्या चित्रासाठी कुणी तिथवर जात नाही. शेवटचा हप्ता पोस्टात टाकण्यापूर्वी घ्यायचा तो यासाठीच.