विचारायची सोय

खेड्यातला माणूस यंत्राकडून शिकायला लागला तो मोबाईल आल्यावर, असं आता सगळे म्हणतात. गोष्ट त्याहून जुनी आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळं चालवली. वीसेक माणसं एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायची, त्यावर बोलायची आणि आपले प्रश्न आकाशवाणीला कळवायची. ऐकण्याइतकीच विचारण्याला किंमत होती.

पुढं ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ बांधावर गेला. आमचे तात्या दारं धरताना तो बाभळीला अडकवायचे. संकरित ज्वारीची पेरणी, खताची मात्रा, हवामान, सगळं पाटाच्या पाण्यासंगं कानात जायचं. पण शंका आली तर? पोस्टकार्ड लिहायचं, उत्तर येईस्तोवर पीक पुढं गेलेलं असायचं. काकीला तर तेवढंही जमण्याजोगं नव्हतं. तिला अक्षरओळख नाही. खुरपणी तिची, मळणी तिची. प्रश्न मात्र तात्यांच्या तोंडून जायचा.

जानेवारी २००४ मध्ये किसान कॉल सेंटर सुरू झालं. १५५१ फिरवला की आपल्या भाषेत फुकट सल्ला मिळायचा. तो फोनही तात्यांच्याच खिशात असायचा. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलला मराठीत बोलून विचारता येऊ लागलं आणि नातवानं आपला जुना मोबाईल काकीच्या हातात दिला. लिहिण्याची अट गळून पडली.

२०१८ साली अमेरिकन लष्करी अळी पहिल्यांदा भारतात आली. आमच्या मक्यात ती शिरली तेव्हा काकीनं मोबाईल तोंडाशी धरून विचारलं, "मक्याचा पोंगा कोण खातंय?" व्हिडिओत खूण दिसली: डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटाकडं चौकोनात चार ठिपके. तिनं पोंग्यातली अळी तळहातावर घेतली, ठिपके मोजले आणि शेजारच्या पातीवरच्या बायकांनाही मोजायला लावले. अख्ख्या शिवारात त्या अळीची ओळख अशी पसरली.

त्याच व्हिडिओखाली पाच-सहा औषधांची नावं होती. तात्या दुकानाला निघाले. काकीनं थांबवलं. "आधी कृषी सहायकाला रान दावू. ह्याला अळी ठावं हाय, आपलं रान कुठं ठावं हाय?"