सैतानपूजेचें एक बनावट प्रकरण

ख्रिस्ती धर्मशास्त्राप्रमाणें सैतान हा ईश्वराच्या तोडीचा प्रतिस्पर्धी नव्हे. तो ईश्वरानेंच निर्मिलेला, परंतु गर्वामुळें पतन पावलेला दूत होय. असत्य हें त्याचें मुख्य शस्त्र. हा सिद्धांत ध्यानीं धरून फ्रान्समधील लिओ टॅक्सिलचें प्रकरण पाहिलें असतां मोठा बोध होतो, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १८८४ मध्यें पोप तेरावे लिओ यांनीं फ्रीमेसन मंडळ्यांचा कडक निषेध केला. पुढच्याच वर्षीं, धर्मगुरूंची टवाळी करून पोट भरणारा टॅक्सिल पश्चात्ताप पावून स्वधर्मांत परतल्याचें जाहीर झालें. मेसनांच्या आड ल्युसिफरची उपासना करणारा एक गुप्त पंथ आहे, असें तो लिहूं लागला. १८८७ सालीं खुद्द पोपनीं त्याला भेट दिली. १८९२ पासून ‘डॉक्टर बाताय’ या टोपणनांवानें निघालेल्या ग्रंथांत तर कलकत्त्यासही सैतानपूजा चालते, असें वर्णन आलें! पुढें त्या पंथांतून सुटून आलेल्या डायना वॉन नामक बाईच्या आठवणी निघाल्या व भाविकांचीं अंतःकरणें हेलावलीं. हेर्मान ग्रूबर या जेझुइट पंडितानें व वेट या इंग्रज लेखकानें मात्र खोटेपणा ओळखला. अखेर १९ एप्रिल १८९७ रोजीं पॅरिस येथें भरसभेंत टॅक्सिलनेंच सांगितलें कीं, हें सारें बारा वर्षें चालविलेलें थोतांड होतें.

टॅक्सिल लबाड खराच. पण त्याला श्रोते कोणीं मिळवून दिले? शत्रूविषयीं वाईट ऐकण्याची जी उत्सुकता, तिनेंच. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये, ही आज्ञा अशा वेळींच विसरली जाते. हा केवळ हंसण्याचा विषय नव्हे. १९८० नंतर अमेरिकेंत बालशाळांवर सैतानी अत्याचारांचे आरोप झाले. कॅलिफोर्नियांतील एक प्रसिद्ध खटला १९९० सालीं एकाही दोषसिद्धीवांचून संपला, तरी एका आरोपीचीं पांच वर्षें तुरुंगांत गेलीं.

उघडपणें सैतानाचें नांव घेणारा पंथ १९६६ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें अँटन लाव्हे यानें स्थापिला. त्याच्या मतें सैतान ही व्यक्तीच नव्हे; तें स्वत्वाचें व भोगाचें प्रतीक होय. आत्मत्यागाचा उपदेश करणाऱ्या ख्रिस्ती धर्माचा याशीं खराखुरा विरोध आहे, व तो युक्तिवादानें मांडतां येतो. मात्र जें ते म्हणतात त्याचेंच खंडन करावें. न केलेलीं पापें त्यांच्या माथीं मारूं नयेत. कारण असत्यानें सैतानाचा पराभव करूं पाहणारा मनुष्य, त्याच धर्मशास्त्राच्या न्यायानें, त्याचीच चाकरी करीत असतो.