मोजलेली जमीन, न मोजलेले श्रम

सत्तेने किती घ्यावे, केव्हा घ्यावे आणि कोठे थांबावे, हे सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर न सोडता आधी ठरलेल्या नियमाने बांधून घालणे, हा संविधानवादाचा गाभा आहे. तो समजून घेण्यासाठी इंग्लंड-अमेरिकेचे दाखले धुंडाळायला नकोत. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे डाळज ज्या तालुक्यात येते, त्या इंदापूरचा इतिहास पुरेसा बोलका आहे.

१८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची नवी मोजणी आणि प्रतवारी सुरू केली. शेतसाऱ्याचे दर ३० वर्षांसाठी ठरले. या मुदतीत ते वाढवायचे नाहीत, असे बंधन खुद्द सरकारने स्वतःवर घालून घेतले. परंतु ही मर्यादा कोणासाठी होती? जमीनधारक रयतेसाठी. गावकुसाबाहेरच्या महाराचे श्रम कोणत्या साखळीने मोजले?

१८७४ च्या मुंबई वतन कायद्याने ही वंशपरंपरागत चाकरी कायद्याच्या चौकटीत बसवली. कामाचे तास मात्र ठरवले नाहीत. रात्री-अपरात्री हाक आली की जायचे. वतनदार घरी नसेल तर त्याच्या बापाला, भावाला राबवायचे. मोबदला काय? तुकडाभर इनाम जमीन आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. म्हणजे कायदा होता, पण कायद्याचे राज्य नव्हते! हे ओळखूनच बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले.

२६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. त्याच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला मनाई केली. तरीही महारवतन कायद्याने संपायला १ ऑगस्ट १९५९ उजाडावा लागला. तेव्हाही वतनाची जमीन फुकट मिळाली नाही. कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर ती परत मिळाली, तीही परवानगीशिवाय विकता येणार नाही या अटीवर. ही अट दुबळ्याच्या रक्षणासाठी होती. मात्र ती राखण्याचे काम कचेरीवर सोपवलेले आहे. कचेरीने डोळे मिटले तर रक्षण कागदावरच राहते.

संविधानात्मक नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बजावले होते. म्हणून कार्यकर्त्याने कलमे पाठ करून थांबू नये. तलाठ्याच्या दप्तरातला आपला सात-बारा आणि फेरफार वाचावा. सत्तेला मर्यादा आहे की नाही, याची परीक्षा दिल्लीत होते, तशी तिथेही होते.