वजिराबादचे पाणी

दिल्लीचा इतिहास म्हटला की मराठी माणसाला पानिपत आठवते, महादजी आठवतात. आपण बदलीवर येऊन राहिलेल्या आजच्या दिल्लीच्या नकाशामागे मात्र एक नाला आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते.

१९४१ साली सव्वानऊ लाखांच्या आसपास असलेली येथील वस्ती १९५१ च्या शिरगणतीत १७ लाख ४४ हजारांवर गेली. फाळणीने निर्वासितांचे लोंढे आणले. पाठोपाठ कचेऱ्या वाढल्या आणि आमच्या पेशाचे लोकही आले. त्या घटकेस बेघरांना छप्पर देणे हीच निकड होती. तिला आज दोष देणे अन्यायाचे होईल.

शहराचे पाणी वजिराबादेस यमुनेतून उचलले जाई. तेथून किंचित खाली नजफगढचा नाला नदीस मिळतो. हा नाला म्हणजे मूळची अरवलीतून येणारी साहिबी नदी. शहर फुगत गेले तसा तिच्या वाट्याला मैला आला. पाणी वर, मैला खाली. कागदावर व्यवस्था निर्दोष होती! परंतु नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेचे पाणी ओसरले, आणि नाल्याची घाण उलट चढून उपशाच्या तोंडाशी पोहोचली. तुरटी व क्लोरिन यांची मात्रा वाढविण्यात आली. तिने विषमज्वराला आवर घातला. कावीळ मात्र बधली नाही. डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९ हजार माणसे पिवळी पडली, आणि गर्भवती स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण विशेष होते. 'हेपॅटायटिस ई' हे त्या रोगाचे नाव शास्त्राला फार पुढे सापडले.

या हाहाकाराने नगररचनेच्या रेंगाळलेल्या कामाला वेग आला. १९५७ साली दिल्ली विकास कायदा झाला, १९६२ साली बृहत् आराखडा आला. आराखड्याने जमिनीची वाटणी केली, शहराभोवती हरितपट्ट्याची रेघ ओढली. ती रेघ वस्तीने केव्हाच ओलांडली. माझ्या मते खरा उपाय नाल्यावर हवा होता; झाला तो उपशाच्या जागेवर. वजिराबादेस बंधारा बांधून पिण्याचे पाणी वेगळे राखले गेले, आणि तेवढ्याने शहराची धास्ती सरली. बंधाऱ्याखाली उन्हाळ्यात नदी म्हणून जे वाहते, ते बहुतांशी नाल्यांचेच पाणी असते. वजिराबाद ते ओखला हे अंतर अवघे २२ किलोमीटर, यमुनेच्या लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. तिच्यातील बहुतेक घाण मात्र येथलीच. पुढे वृंदावन-मथुरेच्या घाटांवर यात्रेकरू तेच पाणी ओंजळीत घेतात.