‘अ चेअर टू सिट’ की ‘अ चेअर टू सिट ऑन’? इंग्रजीत क्रियापदानंतर प्रिपोझिशन कधी लागते?

‘बसायला खुर्ची’, ‘राहायला घर’, ‘ऐकायला गाणी’ असे आपण मराठीत सहज म्हणतो. हेच इंग्रजीत लिहिताना ‘अ चेअर टू सिट’, ‘अ हाऊस टू लिव्ह’, ‘साँग्ज टू लिसन’ अशी वाक्ये तयार होतात. सोशल मीडियावरच्या पोस्टपासून नोकरीच्या अर्जापर्यंत ती सगळीकडे दिसतात. इंग्रजीच्या नियमानुसार मात्र ती अपुरी आहेत. बरोबर रूपे अशी: ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘अ हाऊस टू लिव्ह इन’, ‘साँग्ज टू लिसन टू’.

ही चूक का होते?

इंग्रजीत ‘टू’ लावून येणाऱ्या क्रियापदाच्या मूळ रूपाला इन्फिनिटिव्ह म्हणतात. ‘ऑन’, ‘इन’, ‘विथ’, ‘अबाऊट’ हे शब्द म्हणजे प्रिपोझिशन. मराठीत त्यांचे काम ‘वर’, ‘बरोबर’, ‘विषयी’ यांसारखी शब्दयोगी अव्यये आणि ‘त’, ‘ने’, ‘शी’ असे विभक्तीचे प्रत्यय करतात.

मराठीत हे सगळे नामाला चिकटून येतात: खुर्चीवर, घरात, पेनने. ‘खुर्चीवर बसणे’ याचे ‘बसायला खुर्ची’ झाले की ‘वर’ला चिकटायला जागा उरत नाही आणि तो गळून पडतो. इंग्रजीत नाम पुढे निघून गेले तरी प्रिपोझिशन क्रियापदाजवळ मागे राहते. मराठीची सवय इंग्रजीत आली की नेमका हा शेवटचा शब्द सुटतो.

एका शब्दाने अर्थ कसा बदलतो?

‘लिहायला काहीतरी द्या’ म्हटल्यावर पेन हवे आहे की कागद, हे मराठीत प्रसंगावरून कळते. इंग्रजीत ते प्रिपोझिशन सांगते. ‘समथिंग टू राइट विथ’ म्हणजे पेन किंवा पेन्सिल, ‘समथिंग टू राइट ऑन’ म्हणजे कागद आणि ‘समथिंग टू राइट अबाऊट’ म्हणजे लिहिण्यासाठी विषय.

काही वेळा अर्थ उलटाच होतो. ‘वुई नीड समवन टू स्पीक’ म्हणजे भाषण करणारे कोणीतरी हवे आहे. ‘वुई नीड समवन टू स्पीक टू’ म्हणजे ज्याच्याशी आपल्याला बोलता येईल असे कोणीतरी हवे आहे. वक्ता हवा आहे की श्रोता, हे शेवटच्या ‘टू’वर ठरते. हा दुसरा ‘टू’ चुकून दोनदा आलेला नाही. पहिला इन्फिनिटिव्हचा आणि दुसरा प्रिपोझिशनचा आहे.

प्रिपोझिशन लागते की नाही, हे कसे ओळखावे?

नाम क्रियापदाच्या मागे परत ठेवून पाहावे. ‘सिट द चेअर’ होत नाही, ‘सिट ऑन द चेअर’ होते. म्हणून ‘अ चेअर टू सिट ऑन’. याउलट ‘रीड अ बुक’ होते, म्हणून ‘अ बुक टू रीड’ एवढेच पुरे.

‘डिस्कस’ या क्रियापदाला याच कसोटीवर पाहता येते. ‘डिस्कस अ टॉपिक’ म्हणतात, त्यामुळे ‘अ टॉपिक टू डिस्कस’ बरोबर. ‘अ टॉपिक टू डिस्कस अबाऊट’ ही आपल्याकडे सर्रास होणारी चूक आहे. ‘टॉक’ला मात्र ‘अबाऊट’ लागते: ‘अ टॉपिक टू टॉक अबाऊट’.

‘प्लेस’, ‘टाइम’ आणि ‘वे’ या नामांना सवलत आहे. ‘अ प्लेस टू लिव्ह’, ‘टाइम टू लीव्ह’, ‘अ वे टू लर्न’ ही रूपे प्रिपोझिशनशिवाय बरोबर ठरतात. घराला ही सवलत नाही. तिथे ‘अ हाऊस टू लिव्ह इन’ असेच लिहावे लागते.

औपचारिक इंग्रजीत काय बदलते?

कायदेशीर मसुदे, शोधनिबंध, सरकारी पत्रे अशा लेखनात प्रिपोझिशन शेवटी न ठेवता इन्फिनिटिव्हच्या आधी आणतात आणि त्याला ‘विच’ किंवा ‘हूम’ जोडतात. ‘अ हाऊस टू लिव्ह इन’चे ‘अ हाऊस इन विच टू लिव्ह’ होते. ‘अ पर्सन टू रिलाय ऑन’चे ‘अ पर्सन ऑन हूम टू रिलाय’ होते.

मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. ‘ज्यात राहायचे ते घर’, ‘ज्याच्यावर विसंबायचे तो माणूस’ यातले ‘ज्यात’ आणि ‘ज्याच्यावर’ हेच काम करतात.

ही रचना वापरताना चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, प्रिपोझिशन एकदाच येते. ‘अ हाऊस इन विच टू लिव्ह इन’ चूक आहे.

दुसरी, इथे ‘दॅट’ किंवा ‘हू’ चालत नाही. वस्तूसाठी ‘विच’ आणि माणसासाठी ‘हूम’च हवे.

तिसरी, ‘फॉर अस’सारखा कर्ता आला की ही रचना करता येत नाही. ‘अ हाऊस फॉर अस टू लिव्ह इन’ असेच लिहावे लागते, मग लेखन कितीही औपचारिक असो.

चौथी, ‘लुक आफ्टर’सारखी जोडी तोडू नये. ‘अ चाइल्ड टू लुक आफ्टर’ सरळ आहे. ‘अ चाइल्ड आफ्टर हूम टू लुक’ हे कानाला खटकते आणि अर्थही बिघडवते.

‘इझी’, ‘डिफिकल्ट’ अशा विशेषणांनंतरही प्रिपोझिशन शेवटीच राहते. ‘शी इज इझी टू टॉक टू’ बरोबर. त्यापुढे ‘हर’ जोडून ‘इझी टू टॉक टू हर’ असे करू नये.

मग ‘वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको’ हा नियम कुठून आला?

कवी आणि नाटककार जॉन ड्रायडन यांनी 1672 मध्ये बेन जॉन्सन या आधीच्या पिढीतील नाटककाराच्या लेखनात हा दोष असल्याचे म्हटले. नंतर त्यांनी स्वतःच्या जुन्या निबंधातील अशी वाक्येही बदलली. लॅटिनमध्ये प्रिपोझिशन असे सुटून शेवटी उभे राहत नाही आणि त्या काळच्या विद्वानांवर लॅटिनचा मोठा पगडा होता.

1762 मध्ये रॉबर्ट लोथ यांच्या व्याकरणाने मध्यम भूमिका घेतली. शेवटी प्रिपोझिशन ठेवणे ही इंग्रजीची स्वाभाविक लकब असून बोलण्यात ती शोभते, गंभीर लेखनात मात्र ते आधी आणणे अधिक डौलदार, असे त्यांचे मत होते. पुढे शाळांमधून या पसंतीचा कडक नियम झाला. 1926 मध्ये एच. डब्ल्यू. फाउलर यांनी इंग्रजीच्या वापरावरील आपल्या प्रसिद्ध कोशात या नियमाला अंधश्रद्धा ठरवले. 2024 मध्ये मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने शेवटी प्रिपोझिशन चालते असे इन्स्टाग्रामवर लिहिले, तेव्हाही वाद रंगलाच.

थोडक्यात, प्रिपोझिशन शेवटी ठेवणे ही चूक नाही. ते गाळणे ही चूक आहे. रोजच्या ईमेलमध्ये, संदेशात आणि पोस्टमध्ये ‘नो वन टू टॉक टू’ अगदी बरोबर आहे. अधिकृत मसुद्यात ‘नो वन टू हूम टू टॉक’पेक्षा ‘नो वन विथ हूम टू स्पीक’ अधिक सफाईदार वाटेल. पण ‘नो वन टू टॉक’ म्हटले, तर बोलायचे कोणाशी हेच वाक्यातून गायब होते.