जबड्याच्या सांध्याचे विकार व श्रोणीची हालचाल
कानापुढील शंखास्थी-अधोहनू सांधा दुखणे, त्यात कटकट वाजणे, तोंड पुरते न उघडणे या तक्रारींचा श्रोणीच्या सांध्यांशी असलेला संभाव्य संबंध. कल्पना प्रथमदर्शनी ओढूनताणून आणलेली वाटते. तथापि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात दीर्घ वेदनेच्या रुग्णांनी ९० सेकंद दात आवळल्यावर खुब्याची हालचाल घटली. जबड्याभोवतीच्या स्नायुवेष्टनांचा ताण हाताने सैल केल्यावर ती वाढली. रुग्ण मात्र मोजकेच होते. स्नायुवेष्टनांची सलगता आणि मानेच्या वरच्या भागातील मज्जारज्जूत चेहऱ्याच्या व मानेच्या संवेदनांची होणारी गाठ, ही या संबंधाची कारणे म्हणून सुचवली जातात. त्रिकास्थी व श्रोणी यांमधला सांधा मुळात काही अंशच हलतो, त्यामुळे त्याची हालचाल नुसत्या हाताने चाचपून ठरवणे भरवशाचे नसते. दातांवर पट्टी बसवून कंबरदुखी घालवण्याचे दावे उपलब्ध पुराव्याच्या बरेच पुढे गेलेले आहेत.