अक्षर नसलेल्या दगडाचं वय कसं सांगायचं? नवगावची ज्यू दफनभूमी आणि माझी एक चूक

माझ्या पीएच.डी.च्या पहिल्या आराखड्यात एक वाक्य होतं : 'अलिबागजवळ नवगाव इथे बेने इस्राएल समाजाची मध्ययुगीन दफनभूमी आहे.' गाइडनी 'मध्ययुगीन' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि समासात लिहिलं, 'कशावरून?'

मला उत्तर देता आलं नाही. शब्द कुठून उचलला तेही आठवेना. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून इतिहासाकडे वळलेली. हर्बेरियममधल्या नमुन्यावर गोळा केल्याची तारीख आणि ठिकाण नसेल तर त्याची किंमत शून्य, हे मला पाठ होतं. आणि इथे मीच एका अख्ख्या दफनभूमीवर मनाने तारीख चिकटवली होती. तुम्ही सिनॉप्सिस लिहायच्या बेतात असाल, तर पुढचं वाचाच.

आधी आमच्याकडचे दगड

मी मुरबाडची. आमच्या आणि शेजारच्या शहापूर तालुक्यात देवळाच्या आवारात, गावाच्या वेशीवर वीरगळ दिसतात. लहानपणी विचारलं की उत्तर ठरलेलं, 'पांडवांच्या काळातले.' बहुतेकांवर एकही अक्षर नसतं. तरीसुद्धा जाणकार त्यांचा काळ साधारण सांगू शकतात, कारण त्यांच्यावर चित्रं असतात. खाली लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याला चंद्र-सूर्य. ही घडण, शस्त्रं, पेहराव तारीख माहीत असलेल्या कामाशी ताडून पाहायचे. तशी कामं जवळच आहेत. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलाहारकालीन लेख आहे. विज्ञानवाल्यांच्या भाषेत हे आपलं 'स्टँडर्ड'. माहीत असलेल्यावरून माहीत नसलेलं मोजायचं.

हाच हिशेब डोक्यात घेऊन मी नवगावला गेले. मुरबाडहून कल्याण, पनवेल, पेण करत अलिबाग, तिथून उत्तरेला थळ आणि किहीमच्या मधे नवगाव.

तिथे काय आहे?

समाजाची परंपरा अशी : खांदेरी-उंदेरी बेटांजवळ एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. किनाऱ्याला लागलेले मृतदेह नवगावला पुरले, पुरुष एका ढिगाऱ्यात, स्त्रिया दुसऱ्यात. वाचलेल्यांनी कोकणात तेल गाळायचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. गावांवरून आडनावं पडली : किहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर.

आज तिथे या पूर्वजांचं स्मारक आहे, आणि आसपास जुन्या कबरींचे साधे दगड. ना चित्र, ना चिन्ह, ना अक्षर. वीरगळांची युक्ती इथे लागूच पडत नाही. ताडून पाहायचं तर कशाशी?

पहिला मोह : अक्षर नाही, म्हणजे फार जुनं

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण थांबा. केरळात चेंदमंगलमला सारा नावाच्या स्त्रीच्या कबरीचा दगड आहे, त्यावर हिब्रू लेख आहे आणि साल येतं इ.स. १२६९. म्हणजे तेराव्या शतकातही जिथे हिब्रू येत होतं तिथे दगडावर ते कोरलं जात होतं. कोकणातल्या बेने इस्राएलांची परंपराच सांगते की त्यांचे ग्रंथ बुडाले आणि 'शमा इस्राएल' एवढी एक प्रार्थना तोंडी राहिली. त्यांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ चं. जॉन विल्सन यांचं मराठीतून हिब्रू शिकवणारं व्याकरण १८३२ चं. पेसाह सणाची हगादा मराठी भाषांतरासह छापली गेली १८४६ साली. हिब्रू लिहिता-वाचता येणं समाजात पसरलं ते प्रामुख्याने या काळात.

मग याचा अर्थ काय? बिनअक्षरी दगड आठव्या शतकातला असू शकतो, तसाच अठराव्या शतकातलाही असू शकतो. अक्षर नसणं हा वयाचा पुरावा होत नाही.

दुसरा मोह : गोष्टीतूनच तारीख काढायची

हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला. तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यांनी हे आगमन ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात नेलं. इतर काहींनी ते इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात धरलं. गोष्ट एकच, मधे सातशे वर्षांचं अंतर!

शिवाय गोष्टीची घडणही बघा. किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं आणि त्यांना जिवंत करणारा परशुराम, ही चित्पावनांची कथा तुम्ही ऐकली असेलच. सात अधिक सात म्हणजे चौदा. एकाच किनाऱ्यावरच्या दोन समाजांच्या आरंभकथा इतक्या जवळच्या असतील, तर आकड्यांना जनगणनेसारखं वापरता येत नाही. म्हणून कथा खोटी ठरत नाही. समाज स्वतःला कसं ओळखतो, याचा तो भक्कम पुरावा आहे. फक्त तारखेचा नाही.

मग हातात काय उरतं?

बरंच उरतं, पण ढिगाऱ्याच्या आजूबाजूला.

एक, प्रवासवर्णनं. दहाव्या शतकातल्या अबू दुलफचा हवाला देऊन अरबी ग्रंथकार सैमूर, म्हणजे आपलं चौल, इथे ज्यू राहत असल्याचं नोंदवतात. नवगावहून चौल फार लांब नाही.

दोन, कैरोच्या गनिझातली पत्रं. बाराव्या शतकात महरूझ नावाचा एडनचा ज्यू जहाजमालक आपल्या मेहुण्याला लिहितो. हा मेहुणा समुद्री चाच्यांच्या तावडीत सापडून अडचणीत आलेला. महरूझ त्याला कळवतो की पैसे लागले तर ठाण्यात तिंबू नावाचा नाखुदा आहे, त्याच्याकडून माझ्या नावावर घे, तो मला भावासारखा. शिलाहारांच्या ठाण्यात ज्यू व्यापाऱ्याची अशी पत होती. वाचताना अंगावर काटा येतो. पण हे फिरते व्यापारी होते. शनिवार तेल्यांशी त्यांचं नातं या पत्रातून सिद्ध होत नाही.

तीन, जनुकीय अभ्यास. २०१६ साली 'प्लॉस वन'मध्ये आलेल्या शोधनिबंधाने बेने इस्राएलांमध्ये ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे दाखवले आणि त्यांची सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची मानली. एक पिढी पंचवीस-तीस वर्षांची धरा, म्हणजे ढोबळमानाने ५०० ते १००० वर्षं. 'मिळालं की मध्ययुग!' असं मी ओरडणार होते. पण ही तारीख सरमिसळीची आहे, आगमनाची नाही. लोक आधीच आलेले असू शकतात. आणि नवगावच्या कबरींबद्दल तर ती काहीच बोलत नाही.

'खणून हाडांचं कार्बन डेटिंग करा की,' असं माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीने सुचवलंच. ज्यू धर्मात मृतांना हलवणं अतिशय गंभीर मानतात. ज्यांचे पूर्वज तिथे आहेत ते लोक आजही तिथे दर्शनाला येतात. आपल्या एका अध्यायासाठी ते उकरायचं नसतं.

एवढा कीस कशाला?

कारण हा फक्त तळटीपेचा मामला नाही. १९४८ नंतर समाजातले बरेच लोक इस्रायलला गेले. तिथल्या मुख्य धर्मपीठाने १९६१ च्या सुमारास त्यांच्या लग्नांच्या बाबतीत वंशाची चौकशी करायचा फतवा काढला. 'तुमचे पूर्वज कोण, ते सिद्ध करा.' ज्यांच्या पूर्वजांच्या दगडावर अक्षरच नाही, त्यांनी काय दाखवायचं? लोक आंदोलनाला बसले. शेवटी १९६४ मध्ये इस्रायली संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं, तेव्हा तो प्रश्न मिटला. म्हणजे या समाजाच्या उगमाबद्दलचं एखादं सैल वाक्य कोणाच्या लग्नाच्या आड येऊ शकतं. जास्तीचा दावाही सैलच. तो पडला की त्याच्यासोबत खरंही संशयात सापडतं.

माझं वाक्य आता असं आहे : 'नवगावची दफनभूमी बेने इस्राएल समाज आपल्या पूर्वजांच्या आगमनाशी जोडतो. तिथल्या अक्षरविरहित कबरींचा काळ निश्चित करता आलेला नाही. उत्तर कोकणच्या बंदरांत ज्यूंचा वावर दहाव्या ते बाराव्या शतकांतल्या लेखी साधनांत दिसतो.' एकाची तीन वाक्यं झाली, पण प्रत्येकाला 'कशावरून?' विचारलं तर उत्तर आहे.

आज एवढंच करा. तुमचा आराखडा काढा, 'प्राचीन', 'मध्ययुगीन', 'पारंपरिक', 'मूळचा' हे शब्द शोधा, प्रत्येकाभोवती पेन्सिलीने गोल करा. आणि नवगावला गेलात तर डोकं झाकून आत जा, कबरीवर फूल नको, एक लहानसा खडा ठेवा, बाहेर पडताना हात धुवा. तिथली रीत तशी आहे.